मालकाला कळवलं आहे

१७ नोव्हेंबर, सोमवार

भुवईवरची जखम आज पुन्हा उघडली. टोपी काढली आणि डोळ्यात गरम गरम उतरलं. सफरचंदाच्या बागेतल्या मुकादमाने फावड्याच्या दांड्याने दिलेली ती निरोपाची भेट. मीही त्याचा पुढचा दात पाडून निघालो, म्हणजे फिट्टंफाट. त्याआधी स्लोव्हेनियात बांधकामावर होतो, त्याआधी समुद्राकाठी हॉटेलात ताटं उचलत होतो, आणि प्रत्येक ठिकाणाहून असाच कुठेतरी फुटून निघालो. आई म्हणायची, रेल्या, तुझ्या बुडाखाली निखारा आहे.

आता किकिंडा नावाच्या छोट्या शहरात मार्ताआजीकडे. लाकडं फोडायची, डुकराला खायला घालायचं, त्या बदल्यात स्वयंपाकघरामागची खोली आणि जेवण. आजी हंगेरियन, कानाने ठार बहिरी, तोंडाने फटकळ. डुक्कर म्हणजे राक्षस आहे. पहिल्याच दिवशी माझ्या बुटाचा तळ फाडला. आजी म्हणाली, "त्यालाही कळलं, हा टिकणारा नाही."

एकोणतीस तारखेला ते कापायचं. जुन्या देशाचा तो राष्ट्रदिन. देश बुडाला, कवायती बंद झाल्या, डुकरं मात्र अजून त्याच दिवशी मरतात.

अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत नवी भाडेकरू आलीय, यागोदाताई. सोबत तिची मुलगी तियाना. नवरा ऑस्ट्रियात ट्रक चालवतो म्हणे. आजीने मला काहीतरी विचारायला तिकडे पाठवलं. काय ते आता आठवत नाही, कारण मी दार ढकललं तर ही बाई दाराआड मांस ठेचायचा हातोडा उगारून उभी. थोडक्यात वाचलो, नाहीतर दुसरी भुवईही गेली असती. मला बघून तिने हातोडा खाली घेतला, पण हातातून सोडला नाही. म्हणाली, कटलेट करत होते. चुलीवर काही नव्हतं, ओट्यावर मांसाचा तुकडा नव्हता. बाई विसरभोळी दिसते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

इंटरनेटवाला येऊन मोडेम बसवून गेला. केबल रस्त्यावरून येते, म्हणून मोडेम आजीच्या पुढच्या खोलीत. पैसे भरणार यागोदाताई, पण कागदावर नाव मार्ताआजीचंच हवं म्हणून ती हटून बसली. कर चुकवायची काहीतरी युक्ती असणार. इंटरनेटवाल्याने तिचा लॅपटॉप वायरीने मोडेमला जोडला, चालतंय म्हणाला, राकियाचा, आमच्याकडच्या घरगुती दारूचा, पेला रिकामा केला आणि गेला.

आजीला काही सांगायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळे मला न विचारताच सगळं कळलं. यागोदाताई लहानपणी जर्मनीत वाढली, जर्मन फडाफडा बोलते. तिकडच्या एका इंटरनेट कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन आपल्याकडे बसून घ्यायची नोकरी तिला मिळालीय, घरून, एक डिसेंबरपासून. कोर्टात मुलीचा खटला आहे. नोकरी असेल तर तियाना आईकडे राहील, नाहीतर बापाकडे जाईल. कोर्टाला पत्ताही तिने वकिलाचाच दिलाय. ऑस्ट्रियात ट्रक चालवता चालवता हा माणूस इथे खटला कसा लढवतो, कोण जाणे.

अडचण अशी की आजीचा टीव्ही सकाळपासून भिंती हलवत असतो. ताईने तिथेच बसून चाचणीचा फोन घेतला, तेव्हा मालिकेत एका बाईला जिन्यावरून ढकलत होते आणि गोळ्याही सुटत होत्या. पलीकडच्या जर्मन बाईने विचारलं, पोलिसांना कळवू का? ताई हसली नाही. मी एकटाच हसलो.

मग अंगणातून लांब वायर ओढली, ती शेजाऱ्याच्या कुत्र्याने तोडली. तो कुत्रा मेला तर मला वाईट वाटणार नाही.

म्हणजे राउटर हवा. तियानाने पिशवीतून काढून दिला, काळा, वर शिंगं असलेला, उताण्या पडलेल्या भुंग्यासारखा. घर सोडताना तिनेच तो भरून घेतला होता. तिला वाटलं, इंटरनेट त्यातच राहतं. ताई म्हणाली, फेक तो, नवीन आणू. मी म्हटलं, ताई, अगं चांगलं यंत्र आहे, फेकतेस काय, मी चालू करून देतो. तिने बराच वेळ त्या राउटरकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्यातलं आधी सगळं पुसून टाक. काही म्हणजे काही ठेवू नकोस."

२० नोव्हेंबर, गुरुवार

नारिंगी दिवा. कालही नारिंगी, आजही नारिंगी. हिरवा व्हायला हवा.

आधी वायर चुकीच्या भोकात होती, ते माझ्या ध्यानात आलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारली. वायर योग्य भोकात घातली, तरी नारिंगी. वायर बदलली. राउटर बंद करून चालू केला. मोडेम बंद करून लगेच चालू केला. ताईचा लॅपटॉप परत मोडेमला जोडला की मेला एका क्षणात चालतो, राउटर जोडला की तोंड फिरवतो. ताटातलं कोणाला द्यायचं हे मोडेमने आधीच ठरवून ठेवल्यासारखं.

संतापून राउटर भिंतीवर आपटणार होतो, तेवढ्यात तियाना दारात दिसली. मला वाटलं हसेल. ती दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसली, जणू सवयच आहे. मी राउटर हळूच टेबलावर ठेवला. कसली घाबरट पोर.

पुसायचं राहिलंच. मागे सुई जाईल एवढं भोक आहे, आत दाबलं की सगळं जातं. पण मग नव्याने सगळं मांडायचं, आणि ते सगळं विचारतो इंग्रजीत. माझं इंग्रजी हॉटेलातलं, बिअर आणि माफ करा एवढंच. आता आत जे आहे ते निदान बसलेलं आहे. ताईला सांगितलं, पुसलं. बाई सुखाने झोपेल.

आत शिरायला पासवर्ड लागतो, तो पुसायचं आहे म्हणून आधीच तिच्याकडून घेतला होता. तो तिने तोंडाने सांगितलाच नाही. तळहातावर लिहिला, मला दाखवला आणि लगेच जाऊन साबणाने हात धुतला, परत धुतला. नेटवर्कचं नाव होतं 'गाझ्दा', म्हणजे घराचा मालक. आणि पासवर्ड 'यागोदामाझी'. काय प्रेम म्हणायचं. मला आजवर भेटलेल्या पोरींनी माझा नंबरसुद्धा साठवून ठेवला नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

चौकात जाऊन घुबडं बघत बसलो. थंडी पडली की झाडाझाडावर घुबडांची वस्ती असते, भरदिवसा, माणसांच्या डोक्यावर. एकाने माझ्यासमोर उंदराची गोळी ओकून टाकली, हाडं, केस, इवलीशी कवटी. मी ती काडीने उलगडत बसलो आणि राउटरसाठी वायर आणायची होती ते विसरून घरी आलो.

आजी रडत होती आणि शिव्या देत होती, दोन्ही एकदम. पिश्ताकाका, जो दरवर्षी तिचं डुक्कर कापतो, त्याने दुसऱ्याच्या अंगणात डुकरासोबत स्वतःची बोटंही कापून घेतली. बोटं बर्फात घालून नेली, पण घरच्या मांजरीने त्यातलं एक आधीच पळवलं होतं म्हणतात. आता सुरी कोण धरणार? मी म्हटलं, मी धरतो. आजी म्हणाली, "तू? तुला राउटरने मारलं, डुक्कर तर सोडणारच नाही."

ताईचं डाव्या हाताचं करंगळीचं हाड वाकडं बसलंय. मी विचारलं, तर म्हणाली, दारात सापडली. तियाना मध्येच म्हणाली, "दार नव्हतं." ताईने तिला दूध आणायला पाठवलं.

पोर नंतर माझ्यासोबत डुकराच्या कोंडवाड्याजवळ येऊन बसली. तिचे बाबा बिअरमध्ये मीठ टाकतात, मग फेस सापासारखा वर येतो, आणि तो सगळा फेस पिऊन संपेपर्यंत कोणी बोलायचं नाही, असा त्यांच्या घरचा नियम. प्रत्येक घराचे आपापले चाळे. आमच्याकडे बाप जेवताना रेडिओ लावायचा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

चालू झाला. हिरवा. हिरवागार. माझ्या हातून झाला.

सकाळी मोबाइलवर वाचलं, की मोडेम पहिल्यांदा ज्या यंत्राशी बोलतो ते लक्षात ठेवतो आणि दुसऱ्याला दारात उभं करत नाही. त्याची वीज काढून त्याला नीट विसरू द्यावं लागतं. लगेच परत लावली तर तो विसरत नाही. आता, थांबणं हा माझा प्रांत नव्हे. मी वीज काढली, बोटं मोडत उभा राहिलो, आणि परत लावणार एवढ्यात अंगणात आरडाओरड.

डुकराने दाराची फळी तोडली होती. आजी काठी घेऊन त्याच्या मागे, ते आजीच्या मागे. मी मध्ये पडलो, त्याने मांडीचा लचका तोडला. विळी मारल्यासारखं वाटलं. मी त्याच्या नाकावर बुक्की मारली, त्याने मला उकिरड्यात लोळवलं, शेवटी रस्त्यावरच्या दोघांनी मिळून त्याच्या पायात दोर टाकला. सगळं निस्तरून, मांडीवर राकिया ओतून, बोंबलून, पँट बदलून परत आलो, तर मोडेम तसाच मेलेला. वीज लावली. राउटर जोडला. हिरवा. तेवढ्या वेळात मोडेम लॅपटॉपला साफ विसरला होता. डुक्कर सुटलं नसतं तर मी आजही झक मारत बसलो असतो.

तियाना नाचली. मी तेवढ्यात एक हुशारी केली. 'गाझ्दा' हे नाव ताईच्या डोळ्यांसमोर आलं तर मी पुसलं नाही हे कळेल, म्हणून नाव बदलून 'मार्ता' ठेवलं. पासवर्डही बदलला. पडद्यावर पाटी आली: नव्या नावाबद्दल आणि ठिकाणाबद्दल मालकाला त्याच्या फोनवर कळवलं आहे. किती सभ्य यंत्र. मालक म्हणजे यागोदाताईच ना, आणि तिचा जुना फोन तर तिने येताना पुलावरून कालव्यात फेकला, तियानाच सांगत होती. म्हणजे निरोप गेला माशांना.

राउटर ताईच्या खिडकीत ठेवला, समोरच्या आजीच्या खिडकीतून मोडेमची वायर कुत्र्याला पोचणार नाही अशी उंचावरून ओढली. ताईने लॅपटॉप उघडून बघितला आणि एकदम खुर्चीत बसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. एका बाजूचा दात तुटलाय तिचा, माझ्या मुकादमासारखा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

ताई दिवसभर जर्मनमध्ये सराव करत होती. मला खसखशीची गुंडाळी करून दिली, गरम. म्हणाली, रेल्या, तू इथेच का राहत नाहीस, तुला डोकं आहे. मला डोकं आहे असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. डोकं फोडीन, असं म्हणायचे.

राहीन असं वाटतंय. निदान वसंतापर्यंत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी काफानात, म्हणजे गावच्या गुत्त्यात, गेलो. मांडी ठणकत होती, आणि शिवाय मोडेमची गोष्ट कोणाला तरी सांगायची होती. ती मी तीन टेबलांना सांगितली. कोणी ऐकलं नाही. फक्त कोपऱ्यातल्या एकाने खुर्ची जवळ ओढली. रुंद खांद्यांचा, हसतमुख, नखांत टायरचं काळं बसलेला. नाव गाव्रा म्हणाला. मला बिअर पाजली.

"राउटरचा त्रास मलाही होता," तो म्हणाला. "माझाही कित्येक आठवडे मुका होता. मंगळवारी अचानक बोलायला लागला."

मी म्हटलं, मोडेमला विसरू दिलं असणार. तो म्हणाला, "छे. मी काही विसरू देत नाही." आणि हसला. मीही हसलो.

मग त्याने विचारलं, इथे मार्ता नावाची कोणी आहे का.

"डुकरासाठी का?" मी विचारलं. त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "हो," तो म्हणाला, "डुकरासाठीच."

मला तर हर्षच झाला. आजी आठवडाभर सुरीवाला शोधत होती, आणि तो मला टेबलावर सापडला. घर कुठलं, दार कुठलं, सगळं सांगितलं. घरात आणखी कोण, तेही त्याने विचारलं. पाहुण्याला ताटं किती लागतील हे कळायला हवंच. मी म्हटलं, एक ताई आहे आणि तिची छोटी पोर, पण पोरीला रक्त चालत नाही, तेव्हा त्या मागेच असतील. तो म्हणाला, बरं झालं, मुलांनी बघू नये.

त्याने बिअरमध्ये चिमूटभर मीठ टाकलं. फेस काठावरून वर आला. असं कुठेतरी ऐकलंय असं मला वाटलं, पण तेवढ्यात टीव्हीवर सामन्यात मारामारी सुरू झाली. गोलरक्षकाने एकाच्या तोंडावर कोपर घातलं, सगळं काफाना उठून उभं राहिलं आणि मीही तिकडे वळलो. परत बघितलं तर त्याचा पेला रिकामा होता.

आजीला सांगितलं, सुरीवाला आणलाय. तिने माझ्या गालाला चिमटा काढला.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळ. काहिलीत पाणी चढवलंय. गाव्रा आला, स्वतःच्या सुऱ्या घेऊन, कापडात गुंडाळलेल्या. आजीने त्याला पहिला पेला दिला. ताईने तियानाला आतल्या खोलीत नेलंय आणि रेडिओ मोठा केलाय, डुकराचा आवाज येऊ नये म्हणून. दोर आणायला चाललो, नंतर लिहितो.

३० नोव्हेंबर, रविवार

डाव्या हाताने लिहितोय. उजवा टाके घालून बांधलाय.

पिश्ताकाका एका घावात मोकळं करायचा, असं आजी सांगते. या माणसाने सुरी आत घातली आणि तशीच धरून ठेवली. डुक्कर किंचाळत राहिलं आणि तो त्याच्या कानाशी वाकून, हळू आवाजात, समजूत काढल्यासारखं काहीतरी बोलत राहिला. मी मागचे पाय धरले होते. पाय थांबेचनात. आजीला ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. तिने पेल्यात दुसऱ्यांदा राकिया ओतली नाही. मला म्हणाली, "हा कसाई नाही. कसाई डुकराशी बोलत नाही."

मेल्यावर तो म्हणाला, हात धुवून येतो. नळ तिथेच होता, काहिलीपाशी. तो अंगण ओलांडून सरळ ताईच्या दाराकडे गेला. सुरी हातातच होती. मी उकळत्या पाण्याची बादली भरत होतो, डुकराचे केस काढायला.

तियाना किंचाळली. मला वाटलं, पोरीने रक्त पाहिलं. खरंच असं वाटलं मला. मग काच फुटली, मग टेबल पडलं, आणि नंतर रेडिओच तेवढा ऐकू येत राहिला.

दार आतून लावलेलं. दारं फोडायची मला सवय आहे. बादली खाली न ठेवताच लाथ घातली, अर्धं पाणी माझ्याच पायावर.

त्याने राउटरची वायर ओढून ताईच्या गळ्याभोवती दोनदा गुंडाळली होती आणि गुडघा तिच्या पाठीत रोवून ओढत होता. सुरी बाजूला खिडकीत ठेवलेली, राउटरशेजारी, नीट. तो तिला म्हणत होता, "मालकाला विचारल्याशिवाय नाव बदलायचं नसतं, यागोदा. किती वेळा सांगितलं?" तिचा चेहरा पिकलेल्या आलुबुखारासारखा झाला होता. तियाना त्याच्या दंडाला दातांनी लटकलेली, आणि तो तिला झटकतसुद्धा नव्हता, जणू माशी बसलीय.

मी बादली त्याच्या पाठीवर ओतली.

तो ओरडला, वायर सुटली. वळला तेव्हा सुरी त्याच्या हातात होती, कधी घेतली कळलं नाही. मी हात आडवा धरला. कोपरापासून मनगटापर्यंत त्याने तो उघडला, एका ओढीत, इतका सहज की आधी दुखलंच नाही. मी आत पांढरं पाहिलं. दुसरा वार पोटावर येत होता. मी तो येताना बघत होतो.

तो आला नाही. ताईने दाराआडचा हातोडा काढला होता. पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर, बाजूने. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो खाली आला. दुसरा सुरीच्या हातावर. तिसरा जबड्यावर. मग ती मोजतच नव्हती. तोंडातून आवाज निघत नव्हता तिच्या, नुसती शिट्टीसारखी हवा, आणि हातोडा वर जायचा आणि खाली यायचा. तियाना कोपऱ्यात डोक्यावर हात घेऊन बसली होती.

आजी आली. तिने माझा हात पाहिला, जमिनीवरच्या माणसाकडे पाहिलं, ताईचं मनगट वरच्यावर धरलं.

"पुरे, पोरी," ती म्हणाली. "आज एकच मारायचं ठरलं होतं."

तो जिवंत आहे. खरं नाव मोमिर, ताईचा नवरा, ऑस्ट्रियात कधीच नव्हता. पाठ भाजलीय, गुडघा आणि जबडा गेलाय, खाटेशी पोलीस बसलाय.

दवाखान्यातून आज परत आलो, तर आजी अंगणात चरबी वितळवत होती. मांस कोणासाठी थांबत नाही. ताई शेजारी बसून काहील ढवळत होती, गळ्याभोवती जांभळा पट्टा, वायरीची वीणसुद्धा दिसत होती. कुजबुजीपेक्षा जास्त आवाज निघत नाही तिला. तिने विचारलं, त्याला मार्ता हे नाव कुठून कळलं?

मी म्हटलं, काफानात मीच... मग माझं मलाच आठवलं, की मी सांगायच्या आधीच त्याने मार्ता म्हणून विचारलं होतं. म्हटलं, राउटरचं नाव मी तेच ठेवलं होतं. आणि मग ती पाटी आठवली. जे लिहिलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं तिला: नव्या नावाबद्दल आणि ठिकाणाबद्दल मालकाला त्याच्या फोनवर कळवलं आहे.

"तू पुसलं होतंस ना?"

मी आकड्याला टांगलेल्या डुकराकडे बघत राहिलो.

ती उठली, आत गेली आणि राउटर घेऊन आली. काहिलीखालच्या जाळात टाकला. शिंगं आधी वाकली, मग काळा धूर आला. आजी खोकून शिव्या द्यायला लागली, चरबीला वास लागेल म्हणून.

"तियानाला वाटायचं त्यात इंटरनेट राहतं," ताई कुजबुजली. "त्यात तो राहत होता, रेल्या."

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी दुकान उघडलं तसा नवीन राउटर आणला. मोडेमची वीज काढली आणि खुर्चीवर बसलो. अंगणात कुत्रा भुंकला, आजीने हाक मारली, मी उठलो नाही. पुरेसं झाल्यावर लावला. हिरवा. नवा राउटर ताईच्या खिडकीत ठेवला, जिथे काल काच नव्हती आणि आज पुठ्ठा आहे. मांडणी इंग्रजीत विचारली, ती ताईने वाचून सांगितली, मी दाबत गेलो. नेटवर्कचं नाव तियानाने ठेवलं: 'इथे-कुणी-नाही'.

पासवर्डची वेळ आली तेव्हा ताईने मला दाराकडे हात केला. मी बाहेर गेलो. आतून कडी लागली.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. मी बोलायला तोंड उघडलं, तिने मान हलवली. "हात वाचवत बसला नाहीस, माझ्यासाठी पुढे केलास," ती म्हणाली, त्या फाटक्या आवाजात. "ते मी विसरणार नाही. दुसरंही विसरणार नाही. दुपारची बस आहे."

आजीने चरबीतल्या कुरकुरीत तुकड्यांची पुडी पिशवीत कोंबली, वर शिव्याही दिल्या. त्या शिव्या मला देत होती की ताईला, नक्की कळलं नाही. तियाना फाटकापर्यंत आली आणि परत पळाली.

निघताना पुठ्ठ्यामागून ताईचा आवाज आला. पहिला फोन होता. घसा चिरका, बाकी सगळं रेडिओसारखं स्वच्छ. काहीतरी म्हणाली, बहुधा सर्दी आहे असं. मला जर्मन येत नाही, पण 'मोडेम' कळलं. पलीकडच्याला घाई होती वाटतं, कारण ती पुन्हा तेच म्हणाली, हळू, लहान मुलाला सांगतात तसं. मग थांबली. त्या मोडेमला विसरू देत होती.

बसच्या थांब्यावर लिहितोय. हात ठणकतोय. रस्त्याच्या वळणावर एकदा फोन काढून बघितला होता. यादीत पहिलंच नाव, 'इथे-कुणी-नाही', आणि त्यापुढे छोटं कुलूप. मी बसवलेलं यंत्र, आणि मला आत जाता येत नाही.

बरोबर आहे. मी फोन खिशात टाकला आणि पुढे चालू लागलो. आता पाहिलं तर नावही गेलंय.